हौसेरावची छत्री

वाशी, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय अभ्या,

माफी मागायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस. बातमी दुसऱ्या कुणाकडून कळून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेली बरी. मला ॲवॉर्ड मिळालं. मॅनेजमेंट शिकवणाऱ्या देशभरातल्या प्राध्यापकांतून दरवर्षी एकाला देतात ते. दिल्लीला शाल, नारळ आणि माझ्या फ्लॅटच्या दारातून सरळ आत येत नाही एवढी मोठी फ्रेम. शेवटी तिरकी करून आत घेतली.

कशासाठी मिळालं ते तुला ठाऊक आहे. पण तू हे पत्र न फोडता टाकून देशील आणि राजश्री उघडेल, म्हणून तिच्यासाठी नीट सांगते. राजश्री, आम्ही वर्गात ‘केस’ शिकवतो. खऱ्या कंपनीतला खरा पेच गोष्टीसारखा लिहायचा, नावं बदलायची आणि ऐन निर्णयाच्या वेळी गोष्ट थांबवायची. पुढे मुलांनी भांडायचं. माझ्या केसमध्ये हौसेराव नावाचा एक शिफ्ट इनचार्ज आहे. कारखान्यातला एक व्हॉल्व्ह गळतोय. हा वरच्यांना तीनदा सांगतो, वरचे म्हणतात शिफ्ट चालू ठेव, हा चालू ठेवतो, आणि एका कामगाराचे दोन्ही डोळे जातात. आता हौसेरावनं चौकशीत खरं बोलायचं, की नोकरी सांभाळायची? सोमवारी सकाळपर्यंत ठरवायचंय. इथे केस संपते.

हौसेराव म्हणजे तुझा नवरा, हे तुला सांगायला नको. माझ्या डायनिंग टेबलाशी बसून, रडत रडत त्यानं मला हे सगळं सांगितलं होतं. मी विचारलं, लिहू का? त्यानं मान हलवली. निदान मला तरी तसं वाटलं.

अभ्या, केस छापून आली, झेरॉक्स फिरल्या, तुर्भ्यात आठवड्याभरात सगळ्यांनी कारखाना ओळखला आणि त्यांनी तुला ‘घरातली गोष्ट बाहेर नेली’ म्हणून घरी बसवलं. हे मी नाकारत नाही. पण दीड वर्ष झालं. पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. ये. तुझ्यासाठी चहा करीन, तुझ्या सात कपांपैकी पहिला.

टपालानं पाठवलेली पत्रं तू परत पाठवतोस, म्हणून हे सुंदराबाईच्या हातून धाडतेय. ती आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये झाडलोट करते. बोनकोड्याची आहे, तुमच्या कोपरखैरण्याच्या गल्लीवरूनच घरी जाते.

तुझी,
चारूताई


वाशी, २१ नोव्हेंबर १९९६

प्रिय अभ्या,

आला नाहीस. ओवाळणीचं ताट मी फ्रेमपुढे ठेवलं आणि करंज्या एकटीनं खाल्ल्या. पोट बिघडलं ते निराळंच.

सुंदराबाईला विचारलं, पत्र दिलंस का गं? म्हणाली, “दिलं ना म्याडम. त्यानी घेतलं नि पत्र्याच्या डब्यान टाकलं. फोडलं नाय.” मग आपणहून म्हणाली, “तुमचा भाव आता चाय पीत नाय. मी गेली तवा गरम पानी पीत व्हता, ईस्टीलच्या गिलासान.”

मी हसले, आणि मग हसू आपोआप थांबलं. सांगते का ते.

केसमध्ये माणूस ओळखू येऊ नये म्हणून त्याचं सगळं उलटंसुलटं करायचं असतं. तू दिवसाला सात कप चहा पितोस, म्हणून मी हौसेरावला चहा सोडायला लावला. तो स्टीलच्या पेल्यातून गरम पाणी पितो. पान तीन, दुसरा परिच्छेद. तू केस कधी वाचलीच नाहीस, दारातच फाडलीस, मी उभी होते समोर.

योगायोग असेल. ॲसिडिटीनं अर्धी वाशी चहा सोडते. तरी जरा कळव, चहा कधी सोडलास?

चारूताई


वाशी, १५ डिसेंबर १९९६

अभ्या,

आता घड्याळ! सुंदराबाई म्हणते, तू घड्याळ उजव्या हातात घालतोस. मी तिला चारदा विचारलं, उजवा की डावा? ती वैतागली. “मना काय उजवं-डावं कलत नाय काय?” आयुष्यभर डाव्या मनगटावर घड्याळ घालणारा तू. हौसेराव उजव्या हातात घालतो. मीच घातलंय ते.

मला तुला एक गोष्ट सांगायला हवी. राजश्रीलाही. केसबरोबर एक ‘टीचिंग नोट’ असते. ती फक्त शिक्षकाकडे असते, मुलांना दाखवत नाहीत. शेवटी मुलं विचारतातच, मग त्या माणसाचं पुढे काय झालं? तेव्हा शिक्षक नोटमधून वाचून दाखवतो. परवाच आमचा प्रितम म्हणून एक मुलगा, फार हुशार पोरगा, उठून म्हणाला, “मॅम, टेन्शन आलंय. सांगा ना, हौसेराव बोलला का?” मी नोट वाचली. दिल्लीच्या परीक्षकांनी ह्याच भागावर ‘असामान्य’ असा शेरा मारलाय.

तुझं पुढे काय होणार ते मला माहीतच नव्हतं रे. तू बोलणार होतास की नाही, मी विचारलंसुद्धा नाही. लिहायची मुदत संपत होती. म्हणून मी शेवट रचला आणि ‘प्रत्यक्षात काय घडले’ ह्या मथळ्याखाली टाकला. मुलांना आकडे आठवत नाहीत, पण फेब्रुवारीतली छत्री आठवते, म्हणून छत्री घातली. वीस वर्षं शिकवून एवढं कळलंय मला. जसाच्या तसा उतरवते:

‘सोमवार, १७ फेब्रुवारी. हौसेरावने सकाळी आपला पाळलेला पोपट सोडून दिला. दुपारी तो मोऱ्याच्या धक्क्यावर आला. पावसाचे दिवस नसताना हातात निळी छत्री होती, ती त्याने बाकावर ठेवली. सव्वाचारच्या लाँचमध्ये चढताना त्याला लोकांनी पाहिले. पलीकडे भाऊच्या धक्क्यावर उतरताना कोणीही पाहिले नाही.’

उरणजवळचा मोराच का, तर आपलं आजोळ. सुट्टीत त्या धक्क्यावर आपण पाय सोडून बसायचो आणि तू म्हणायचास, लाँच पलीकडे जाते तेव्हा आतली माणसं बदलतात. तेही मी तुझ्याकडूनच उचललं.

तू पोपटबिपट पाळू नकोस. एवढं ऐक.

चारूताई


वाशी, ९ जानेवारी १९९७

अभ्या,

सुंदराबाई आज झाडू खाली ठेवून माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, “म्याडम, तुमचे भावाचे घरान पोपट आयलाय. हिरवागार.”

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. मग कॅलेंडर पाहिलं. तारीख मी कॅलेंडर न बघता टाकली होती, पंचाण्णव साली. तेव्हा सतरा फेब्रुवारीला शुक्रवार होता. गेल्या वर्षी शनिवार. ह्या वर्षी सोमवार आहे.

आता मला वेडी म्हण. पण मी वर्गात मुलांना सांगते, अंदाजावर जाऊ नका, तपासून बघा. मीही तपासतेय. फ्लॉपी काढून केसमध्ये एक बिनमहत्त्वाचं वाक्य घातलंय: ‘हौसेरावच्या घराच्या दाराला नुकताच हिरवा रंग दिला होता.’ तुझं दार तपकिरी आहे, मला माहितीये. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते, केस फाडलीस त्या दिवशी.

तपकिरीच राहू दे, देवा.

चारूताई


वाशी, २ फेब्रुवारी १९९७

अभ्या,

दार हिरवं झालं. सुंदराबाईनं सांगितलं.

मी पुष्कळ खटपट केली. नोटमधला शेवट पुसला. उपयोग नाही, दोनशे प्रती देशभर गेल्यात, कुठल्या ना कुठल्या कॉलेजात रोज कोणीतरी तो वाचून दाखवत असणार. पुसून भागत नाही तर नवं लिहू, म्हणून मंगळवारी लिहिलं: ‘हौसेराव लाँचवर गेला नाही, घरीच राहिला.’ गुरुवारी सुंदराबाई म्हणाली, तू तापानं फणफणलायस, अंथरुणातून उठवत नाही, पाणीसुद्धा राजश्री चमच्यानं पाजते. माझं कर्म! ‘घरीच राहिला’ ह्याचा अर्थ असा व्हावा? धावत जाऊन ते वाक्य खोडलं. शनिवारी तुझा ताप उतरला असं कळलं.

म्हणजे लाँचला माणूस हवा. तू नाही तर तुझ्याऐवजी कोणीतरी. हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय, चांगली पीएच.डी. केलेली बाई मी.

आणि एक. हे मी कधीच कुणाला सांगितलं नसतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं आता? केस छापायला ज्याची गोष्ट आहे त्याची लेखी संमती लागते. रिलीज फॉर्म म्हणतात. तू मान हलवली नव्हतीस. मी ‘लिहू का’ विचारलं तेव्हा तू दोन्ही हातांत तोंड धरून बसला होतास आणि मला हवं ते मी समजले. फॉर्मवर तुझी सही मी केली. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे ना, तशीच. तुझ्या ‘अ’ची शेपटी मला अगदी सुरेख जमते. त्या फॉर्मवर नजर टाकून परीक्षकांनी मला ॲवॉर्ड दिलं आणि तो बघूनच कंपनीनं तुला काढलं. ‘तुमचीच सही आहे ना,’ म्हणाले असतील. आणि तू ‘नाही’ म्हणाला नसशील. बहिणीला खोटं पाडायचं नाही म्हणून गप्प बसला असशील. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी अजाण असल्याचं सोंग आणलं.

चुकले रे मी. पहिल्या पत्रात माफी मागायला लिहीत नाहीये म्हटलं होतं, ते खोटं होतं.

तुझी ताई


वाशी, १४ फेब्रुवारी १९९७

अभिराम,

काल मी तुझ्या दाराशी आले होते हे तुला माहीतच आहे. दार उघडं होतं, जाळीचं बंद. तू खुर्चीत, उजव्या मनगटावर घड्याळ, शेजारी पिंजरा. स्टीलचा पेला. मी तुझ्या घराकडे पाहत नव्हते, मी माझं पान तीन पाहत होते.

मी म्हटलं, “अभ्या, सोमवारी कुठे जाऊ नकोस.” तू वर पाहिलंस आणि म्हणालास, “सोमवारी मला जायलाच हवं, ताई. ठरलंय माझं.” मी विचारलं, “कुठे?” तू म्हणालास, “दीड वर्षात पहिल्यांदा विचारते आहेस काही. आता नको विचारूस. जा तू.”

राजश्रीनं मला कोपऱ्यापर्यंत सोडलं. तिचे डोळे भरले होते. तिनंही सांगितलं नाही. तूच बजावलं असशील तिला, ताईच्या कानावर घातलं की ते छापून येतं म्हणून. बरोबर आहे तुझं. तिनं तरी का सांगावं?

ठरलंय म्हणालास, तेवढं मला पुरलं. आता मला काय करायचं तेही ठरलं. वीस वर्षं मी मुलांना विचारतेय, केसमधल्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर? त्याच्या जागी स्वतः मात्र मी कधीच बसून पाहिलं नाही.

ताई


मोरा, १७ फेब्रुवारी १९९७, दुपारी पावणेचार

अभ्या,

एस.टी.नं उरण, तिथून चालत. ऊन मी म्हणतंय. सुंदराबाईची बहीण वेणूबाई इथे धक्क्यावर सुकट विकते, तिच्याजवळ हे पत्र देणार आहे. तिनं मला बसायला गोणपाट दिलं आणि विचारलं, “बाय, पावसाविना छत्री कनाला?” मी म्हटलं, “अहो, ऊन आहे ना.” निळी आहे. वाशीच्या सेक्टर नऊमध्ये मिळाली. दुकानात दुसरा रंगच नव्हता, शप्पथ.

येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक माणसात तुला शोधतेय. अजून दिसला नाहीस. आता दिसणारही नाहीस, कारण काल मी टीचिंग नोट नव्यानं लिहिली. सगळं तसंच ठेवलं. मोरा, बाक, सव्वाचारची लाँच. फक्त नाव बदललं. आजवर केसमध्ये मी नेहमी खोटी नावं घातली, ह्या वेळी पहिल्यांदा खरं घातलं. चारुलता. मी जाते, तू राहा. आणि ‘घरीच राहिला’ असं कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा तुला तापबिप येणार नाही. जिथे जायचं ठरवलंयस तिथे खुशाल जा.

प्रत टेबलावर ठेवलीये, फ्रेमच्या खाली. किल्ली सुंदराबाईकडे.

भीती वाटतेय. खूप. समुद्राची नाही, तो आपला लहानपणापासूनचा. लाँच आलीये, आणि मघापासून बघतेय, आत बसलेली माणसं एकाच बाजूला सरकून बसलीयेत. दुसऱ्या बाकावर एकाची जागा रिकामी ठेवलीये.

वेणूबाई म्हणते, बाय, सुटंल आता.

तुझी चारू


कोपरखैरणे, १९ फेब्रुवारी १९९७, बुधवार

ताई,

हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. दुसरीकडे कुठे टाकू?

तुझी सगळी पत्रं आज सकाळी एका बैठकीत वाचली. डबा राजश्रीनंच पुढ्यात आणून उपडा केला. म्हणाली, हट्ट पुरे. वाचता वाचता तुझा इतका राग आला की मी मोठ्यानं ओरडलो, आणि मग रडलो.

अगं, चहा डॉक्टरांनी बंद केला. अल्सर आहे. डाव्या मनगटावर त्याच व्हॉल्व्हचा चट्टा आहे, घड्याळाचा पट्टा लागला की आग होते, म्हणून उजव्या हातात. पोपट शेजारच्यांचा, ते गावाला गेले म्हणून दोन महिन्यांसाठी ठेवून गेले. हिरवा रंग अख्ख्या गल्लीच्या दारांना लागलाय, सोसायटीनं एकदमच काम काढलं. ताप फ्लूचा होता. एकदा जरी दार वाजवून नीट विचारलं असतंस! पण तू विचारणार नाहीस आणि मी उघडणार नाही. एकाच बापाची लेकरं आपण.

आणि सोमवारी मी मोऱ्याला जाणारच नव्हतो. मी ठाण्याला होतो, कामगार कोर्टात. भगवानच्या, म्हणजे ज्याचे डोळे गेले त्याच्या, बाजूनं साक्ष दिली. व्हॉल्व्ह, तीनदा केलेली तक्रार, सगळं. साक्ष द्यायची हे मी, तू केस लिहायच्या आधीच ठरवलं होतं. त्या दिवशी टेबलाशी मी त्याचसाठी रडत होतो, पुढचं सांगायचं राहिलं होतं. तू वही आणायला आत गेलीस.

साक्षीच्या कागदावर सही करताना माझ्या घड्याळात सव्वाचार झाले होते. मी सहज पाहिलं.

काल वेणूबाई तुझं शेवटचं पत्र आणि छत्री घेऊन आली. छत्री बाकावर होती म्हणाली. तू चढताना तिनं पाहिलं. मी ताबडतोब भाऊच्या धक्क्यावर गेलो, पोलिसांत कळवलं, लाँचवाल्यांना विचारलं. ते म्हणतात निळसर साडीतली बाई चढली खरी. उतरणाऱ्यांत कोणाला आठवत नाही. तिकिटं जेवढी फाडली तेवढी माणसं उतरली, हेही म्हणतात. मी इंजिनियर माणूस, ताई. ह्यातलं मला काहीही बसवता येत नाही. आणि पोपट सोमवारी सकाळी उडाला. पिंजऱ्याच्या दाराची कडी लावलेलीच होती. राजश्रीनं पाहिलंय, मीही पाहिलंय.

सुंदराबाईनं तुझं घर उघडून दिलं. फ्रेमखालची नोट वाचली. तुझ्या नावाच्या त्या वाक्यानंतर पान कोरं होतं. तुझ्या ह्या लिहिण्यावर माझा अजूनही विश्वास नाही. तरी तुझंच पेन घेऊन त्याखाली एक ओळ लिहिली: ‘गुरुवारी सकाळच्या पहिल्या लाँचने चारुलता मोऱ्याला परत आली, आणि तिचा भाऊ धक्क्यावर उभा होता.’

फाईलमध्ये रिलीज फॉर्मही सापडला. ‘अ’ची शेपटी खरंच सुरेख काढतेस. मी तो फाडला, नवा कोरा भरला आणि सही केली. ह्या वेळी माझी मी.

उद्या गुरुवार आहे. पहाटेच्या एस.टी.नं निघतोय. छत्री घेतली आहे.

अभ्या